गाणं संपलं की सुरी थांबते

ठकूमावशी आमच्या पाड्यावरची मध काढणारी. काल तिने आंब्याच्या ढोलीत हात घातला आणि गाणं म्हणत सुरीने पोळं कापू लागली. तीनच ओळी, पण सावकाश: माश्यांनो, फुलं तुमची, झाड देवाचं, भूक माझी. गाणं संपलं तशी तिची सुरी थांबली. पोळं अजून अर्धं शिल्लक होतं.

"मावशी, उरलेलं?" मी विचारलं.

"गाण्यात बसलं तेवढं आपलं."

"मग परत म्हण की."

ती हसली. "देव फसेल रे बाबा, तो भोळा आहे. माश्या नाही फसायच्या. घर खरवडलं की त्या या झाडाला परत येत नाहीत."

मी जंगल वाचवण्याची पत्रकं वाटत मोठा झालो. देवाची गाणी माणसाला झोपवतात, असं त्यांत मीही ठासून लिहिलं आहे. तशी गाणी आहेतच; ते मी मागे घेत नाही. पण माझ्या एकाही पत्रकाने कुणाचा हात असा मध्येच थांबवलेला मी पाहिला नाही, आणि काल तर उरलेलं मागणारा हावरा मीच होतो. माणूस, देव आणि झाड यांच्यामध्ये कविता काय करते, असं कुणी विचारलं तर मी त्याला ढोलीतलं ते अर्धं पोळं दाखवीन. आम्ही निघालो तेव्हा त्यावर माश्या पुन्हा बसू लागल्या होत्या.