इस्त्रीवाल्याचा हात आणि मुंगीचा ताप

हां, तर त्या वकिलाचा कोट. वकील छाती ठोकून सांगत होता की अस्सल लोकर आहे, आणि इस्त्रीवाल्याने त्यावरून नुसता तळहात फिरवला नि म्हणाला, साहेब, यात निम्मा नायलॉन आहे, कडक इस्त्री मारली तर कोर्टात कॉलरशिवाय उभे राहाल. वकील तणतणत गेला. दोन दिवसांनी तोच कोट बगलेत मारून गुपचूप परत आला, तोही मागच्या दाराने!

असा त्या माणसाचा हात. इस्त्री किती तापलीय ते बघायला बाकीचे पाण्याचे थेंब उडवतात. हा तळहात दोन बोटं वर धरायचा आणि सांगायचा, सुतीला चालेल, रेशमाला जरा थांबा. वीस वर्षांत एक कपडा जाळला नाही. गल्लीने त्याचं नावच पारा ठेवलं होतं. तो वरवर नको म्हणायचा, पण त्या नावाने हाक मारली की मिशीत हसायचा.

त्याला एकच मुलगी, सात वर्षांची. घडीभर एका जागी टिकायची नाही म्हणून ती मुंगी. ती जेव्हा शाळेतून येऊन कपड्यांच्या गाठोड्यावर गुमान बसायला लागली, तेव्हाच खरं तर पाल चुकचुकायला हवी होती. चेहरा पांढराफटक, नडग्यांवर न पडताच काळेनिळे डाग, आणि हिरड्यांतून रक्त. बायको एका कारखान्यात पॅकिंगला होती, तिने रजा टाकली आणि मुलीला दवाखान्यात नेलं. रक्ताचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरबाई बोलायला सरळ होत्या. म्हणाल्या, लहान मुलांत हा बऱ्याचदा बरा होतो, पण औषध अडीच वर्षं चालेल. औषध वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारतं, त्यामुळे अंगात रोगाशी लढायला कोणी उरत नाही. ताप शंभराच्या वर गेला की तासाभरात इथे यायचं. घरची गोळी द्यायची नाही. आणि हात लावून बघायचं नाही, थर्मामीटर लावायचा. या शेवटच्या वाक्याला पारा मनातल्या मनात हसला. हाताचं त्याला कोण शिकवणार!

मग सुरू झालं एकेक. केस उशीवर राहायला लागले. तोंड आलं, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी. एका इंजेक्शनाने जबडा दुखायचा, पावलांत मुंग्या यायच्या, जिना उतरताना पाऊल फटकन पडायचं. पोट चार-चार दिवस साफ व्हायचं नाही. स्टेरॉइडचा आठवडा आला की पोरगी उठल्याबरोबर चार उकडलेली अंडी मागायची आणि पाचवं दिलं नाही म्हणून दाराला लाथा घालायची. गाल इतके सुजले की डोळे बारीक झाले. आरशात बघून ती स्वतःच म्हणाली, मुंगीचा हत्ती झाला. बाप हसला आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

सहाव्या महिन्यातली गोष्ट. औषधाचा जोराचा डोस होऊन आठ दिवस झालेले. बायको कामावर, शाळा बंद, मुंगी दुकानात गाठोड्यावर. एका हॉटेलच्या चादरींचा ढीग पडला होता आणि पारा सकाळपासून इस्त्रीला खिळलेला. दुपारी दोनच्या सुमाराला पोरगी म्हणाली, थंडी वाजतेय. त्याने इस्त्री उभी केली, कपाळावर तळहात ठेवला. कपाळ गार लागलं.

गारच लागणार. सहा तास तापलेल्या लोखंडाजवळ राहिलेला हात तो, त्याला कढत दूधही कोमटच लागलं असतं. पण हे त्याला तेव्हा सुचलं नाही. थर्मामीटर वरच्या खोलीत होता, दहा पायऱ्या. त्याने नुकतीच इस्त्री केलेली ऊन-ऊन चादर उचलली आणि पोरीला गुंडाळली. तिला बरं वाटलं. चादर निवली की दुसरी, मग तिसरी. चांगल्या पाच चादरी झाल्या. तो मजेत होता, पोरीची सेवा घडतेय म्हणून.

सहाला बायको आली. तिने चादरीत हात घातला आणि थर्मामीटर आणायला वर पळाली. थर्मामीटरचा पारा एकशे तीनच्या पुढे गेला होता. ओठ जांभळे पडले होते, हाक मारली तर पोर नुसती बघत होती.

रक्तात जंतू पसरले होते. अकरा दिवस ती दवाखान्यात काचेच्या खोलीत होती, आणि नंतर तीन आठवडे कॅन्सरचं औषध थांबवावं लागलं. बायकोने त्याला शिव्या दिल्या नाहीत. थर्मामीटरला नाडी बांधून त्याच्या गळ्यात अडकवली आणि एवढंच म्हणाली, आता हा बोलेल, तू नाही. त्यानंतर त्याचा हात कामातूनच गेला म्हणा ना. इस्त्री तापलीय का बघायला तो नवशिक्यासारखे पाण्याचे थेंब उडवायचा. तरी दोन साड्या जाळल्याच.

पोरगी उठली मात्र. अडीच वर्षं पुरी झाली, केस आले, पाऊल सरळ पडू लागलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध संपलं, पण पुढची दोन-तीन वर्षं जपायची. परत उलटला तर याच काळात उलटतो. दर महिन्याला रक्त तपासायचं. झालं, पाऱ्याला तेवढंच पुरलं. तो पोरीची नडगी रोज उजेडात धरून बघायचा. एकदा निळा डाग दिसला म्हणून धावत दवाखान्यात नेली, तर ती शाळेची शाई! सिस्टरने स्पिरिटचा बोळा फिरवला आणि विचारलं, बाकीचा कपडाही धुऊन हवाय का? मुंगी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

औषध संपल्यावर आठव्या महिन्यात एक दिवस ती जिन्याच्या मधल्या पायरीवरच बसली. विचारलं तर म्हणाली, काही नाही, बूट चावतो. मांडीचं हाड दुखत होतं, आणि सुई टोचतील म्हणून तिने दडवलं होतं. पण पहिल्याच दिवशी त्याने ते ताडलं, दुकानाला कुलूप घातलं आणि नेलं. कमरेच्या हाडातला नमुना काढला. उलटला होता.

डॉक्टरबाईंनी दार लोटून दोघांना सांगितलं. पुन्हा औषध, आधीपेक्षा कडक. मग जमलं तर दुसऱ्याच्या हाडातला मगज तिला द्यायचा. आशा आहे, पण पहिल्याइतकी नाही. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. त्याने इतके दिवस मनात दडवलेले चादरींचे ते चार तास अखेर बाहेर काढले. म्हणाला, मी त्या दिवशी उशीर केला, तीन आठवडे औषध चुकलं, त्याने झालं का? बाई म्हणाल्या, तसं म्हणता येणार नाही. काही पेशी पहिल्यापासूनच दबा धरून राहतात, त्या कुठल्याच तपासात दिसत नाहीत. आणि या वेळी तर तुम्ही पहिल्याच दिवशी आलात. त्याने मान हलवली. पटलं की नाही, देव जाणे.

बाहेर बाकावर मुंगी बसली होती. आता दहा वर्षांची, तिला कोण फसवणार! तिने बापाकडे बघितलं, आईच्या डोळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, परत आलाय ना? मी बरी होईन ना या वेळी?"

आई पुढे झाली, तशी त्याने तिला हाताने थांबवलं. पोरीच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "हो, परत आलाय. केस जातील, तोंड येईल, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बरी होशील का, ते डॉक्टरबाईंना माहीत नाही, आणि मलाही माहीत नाही. तू रोज विचार. जे असेल ते मी तुला सांगेन."