हातभर आवाज

उभ्या सुरतेत खासगी बोलणं न जमणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. डिंडोलीतली सगळी चाळ त्यांना जिभाऊ, म्हणजे थोरले भाऊ, म्हणायची. वयानं मोठे असलेलेही जिभाऊच म्हणायचे, कारण खानदेशातून येऊन त्यांनी पंचवीस वर्षं बमरोलीच्या लूमच्या कारखान्यात काढली होती आणि त्या खडखडाटावर मात करणारा आवाज कमावला होता. कारखान्यात बाकीचे लोक बोलायचेच नाहीत. ते हातवारे करायचे आणि एकमेकांचे ओठ वाचायचे. जिभाऊ मात्र बोलायचे, आणि ते ऐकूही यायचं! वाईट एवढंच, की कारखान्यातून निघताना तो आवाज तिथं ठेवून यायचं त्यांना कधी सुचलं नाही. ‘मास्तर, कोणाला सांगू नका हां,’ असं ते मला ओट्यावरून सांगायचे आणि समोरच्या बिल्डिंगमधली बाई दुसऱ्या मजल्यावरून मान हलवून ‘नाही सांगत’ म्हणायची.

नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये ते दर रविवारी धाकट्या भावाला धुळ्याला फोन लावायचे. काचेचं दार घट्ट बंद असायचं. तरी त्यांच्या गावातली म्हैस व्याली की नाही, भावकीतलं भांडण मिटलं की नाही, हे बाहेरच्या रांगेला इत्थंभूत कळायचं. रांगेतला एखादा तर काचेवर टकटक करून सल्लाही द्यायचा. ‘त्याला सांगा, बांधावरून कोर्टात जाऊ नको म्हणावं!’ जिभाऊही तो सल्ला इमानदारीनं पुढं धुळ्याला पोचवायचे.

आणि या आवाजाचं सोनं व्हायचं ते लग्नात. मंगलाष्टकं म्हणावीत तर जिभाऊंनी. नवरा-नवरीची नावं गुंफून स्वतः रचायचे, डोळे मिटून असा सूर लावायचे की आचारी झारा हातात घेऊन मांडवात येऊन उभा राहायचा. माईक कोणी पुढं केला तर हातानं बाजूला सारत. ‘माईक पुढाऱ्यांना द्या, आपल्याला देवानं दिलाय.’ अख्ख्या डिंडोली-बमरोलीच्या पोरी त्यांनी अशा मार्गी लावल्या. आता वैशालीची पाळी होती. त्यांची एकुलती एक लेक. नंदुरबारचं स्थळ जमलं होतं, माघातला मुहूर्त धरला होता. ‘तिच्या मंगलाष्टका मी तिच्या बारशालाच रचून ठेवल्यात,’ असं ते सांगायचे, आणि खोटं नसावं.

गणपतीत त्यांचा आवाज बसला. चार दिवस आरत्या म्हटल्यावर कोणाचाही बसतो. पण सगळ्यांचा उठला, यांचा काही उठेना. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, खडीसाखर तर किलोनं संपली. आवाज परत आला का हे बघायला ते रोज पहाटे पूर्ण ताकदीनं ओरडून पाहायचे आणि उरलासुरलाही घालवून बसायचे. दसऱ्याला माझ्याकडे आले, सोनं हातात दिलं आणि फाटक्या भात्यासारखे म्हणाले, ‘मास्तर, मना आवाज काही उठत नही. वैशूचं कसं होईल?’ पंचवीस वर्षं लूमला न घाबरलेला माणूस, पण त्या दिवशी डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. तशीच गचांडी धरून त्यांना रिंग रोडच्या घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी जीभ फडक्यात धरून घशात आरसा घातला आणि ‘ई’ म्हणायला सांगितलं. जिभाऊंनी तशाही अवस्थेत ‘ई’ सुरात लावायचा प्रयत्न केला. निदान सरळ होतं. राबून हाताला घट्टे पडतात, तसे ओरडून स्वरतंतूंना पडले होते. लगेच कापायची गरज नव्हती, पण आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बेनकडे तीन महिने जावं लागणार होतं. ‘म्हणजे बोलायला शिकवणारी?’ जिभाऊ जिन्यातच अडले. ‘मास्तर, दोन वर्षांचा होतो तेव्हापासून बोलतोय मी!’

बेन जेमतेम पंचविशीची, चष्मेवाली, आणि आवाज असा की ऐकायला पुढं वाकावं लागे. तिनं पहिला आठवडा पूर्ण मौन सांगितलं. जिभाऊंनी ते पाळलं, असं त्यांचं म्हणणं. आठवड्यानं गेलो तर बेन घसा बघून रागावली. ‘काका, तुम्ही बोललात!’ जिभाऊंनी आईची शपथ घेतली. मग उलगडा झाला. ते आठवडाभर सगळ्यांशी घसा आवळून कुजबुजत होते, ओठ चांगले वाकडेतिकडे करून, आणि कारखान्यात समोरच्याला सगळं समजतही होतं. त्यांच्या लेखी, लूमवर जे ऐकूच येत नाही, ते बोलणं कसलं? कुजबुजण्यानं घशाला आणखीच त्रास होतो, हे बेननं समजावल्यावर ते पहिल्यांदा खरोखर गप्प झाले. चाळीला करमेना. एकदोघांनी तर घरात काही दुःखद घडलंय का, अशी चौकशीही केली.

मग व्यायाम सुरू झाले. ग्लासात नळी घालून, गुणगुणत पाण्यात बुडबुडे काढायचे. जिभाऊ हे काम इतकं जीव ओतून करायचे की चहा उतू गेला समजून वैशाली दोनदा धावत आली. पण खरा घोळ पुढंच होता. बेनचा नियम असा, की समोरचं माणूस हातभर लांब असेल तर आवाजही हातभरच. ‘काका, धीमे. जितकं अंतर, तितकाच आवाज.’ जिभाऊ शिकले हो, पण ऐकणार कोण? वहिनींनी अठरा वर्षं कारखान्यात बॉबिनी भरलेल्या; कान लूमलाच वाहिलेले. हे हळू आवाजात भाकरी मागत आणि त्या तिकडून ओरडत, ‘काय म्हनतस? जोरमा सांगा ना!’ निम्म्या चाळीची तीच गत. धड ऐकू येणारी घरात एकटी वैशाली. म्हणून जिभाऊ रोज संध्याकाळी तिच्यासमोर पाट टाकून बसायचे आणि हातभर आवाजात बोलायचे. काय बोलायचे ते मात्र मला कधी कळलं नाही. शेजारी राहून बारा वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

लग्नाच्या दिवशी घसा बराच सुधारला होता, पण ताणायला सक्त मनाई होती. मीच माईक मागवला होता. बेनही आली होती. भटजींनी खूण केली, मी माईक पुढं केला आणि जिभाऊंनी सवयीप्रमाणे हातानं बाजूला सारला. बेन खुर्चीतून अर्धी उठली. आता हा बाबा ओरडणार आणि तीन महिन्यांचं पाणी होणार!

जिभाऊंनी डोळे मिटले नाहीत. वैशालीकडे बघत त्यांनी अगदी खालच्या सुरात, कोणी पाळण्याशी म्हणावं तसं सुरू केलं. तिसऱ्या रांगेपलीकडे अक्षर पोचत नव्हतं. वराकडचे नंदुरबारकर एकमेकांकडे बघू लागले. पण आमचे लूमवाले? चारशे माणसं माना उंच करून जिभाऊंचे ओठ वाचत होती! प्रत्येक ‘सावधान’ला त्यांच्या अक्षता बरोबर ठेक्यावर पडायच्या आणि नंदुरबारकरांच्या मागाहून, चुकतमाकत. अंतरपाटाच्या अलीकडे वैशाली नुसती रडत होती आणि हसत होती. मी काय करत होतो ते विचारू नका.

पंगती उठल्यावर मी त्यांना चांगलंच झापलं. ‘माईक का नाही घेतला हो?’

‘बेननं काय सांगितलं होतं?’ जिभाऊ म्हणाले. ‘जितकं अंतर, तितका आवाज. पोरगी हातभरच लांब होती, मास्तर.’ मग पाठवणीच्या गाडीकडे बघत राहिले. ‘आता नंदुरबारला गेल्यावर किती लावायचा, ते विचारायचं राहूनच गेलं.’

ते त्यांचं त्यांनीच ठरवलं. धुळ्याचा फोन झाला की ते आता नंदुरबारला लावायचे, आणि काचेबाहेर चकार शब्द येत नसे. बूथवाल्यालासुद्धा चुकल्यासारखं व्हायचं. रांगेतले लूमवाले माना उंच करून त्यांचे ओठ वाचायला बघायचे. पण त्या दुसऱ्या फोनला जिभाऊ रांगेकडे पाठ करून उभे राहायचे.