कापलेल्या जागेतली आई

शारजातल्या मराठी मंडळाने चारुदत्त दामलेच्या हाती कधी माइक दिला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात मंडळाची काही चूक नव्हती. चार मोठी माणसं समोर असली की या गृहस्थाची जीभ टाळ्याला चिकटायची. गणपतीत सतरंज्या घालायला चारुदत्त, नाटकाच्या दिवशी गाड्या लावून घ्यायला चारुदत्त, जेवणाच्या पंगतीत मीठ-लिंबू वाढायला चारुदत्त. ऑफिसात तो एसीच्या डक्टची ड्रॉइंगं काढायचा, म्हणजे तिथेही बोलण्याचं काम नव्हतं. घरी साधना दोघांच्या वाटचं बोलायची. अशा माणसाला बिल्डिंगमधल्या मुलांनी मात्र डोक्यावर घेतलं होतं, आणि त्याचं कारण होतं मुडदे.

मुडदे म्हणजे ‘ब्लॅक जेट्टी’ नावाच्या इंग्रजी सिनेमातले. मासळीच्या बंदरावरची माणसं मरतात, मेलेली उठतात आणि जिवंतांना चावत सुटतात, एवढीच त्याची गोष्ट. शहाण्या माणसाने पाहू नये असाच तो प्रकार होता. पण चारुदत्तला त्याचं वेड लागलं. तेव्हा दामले मंडळी शारजाच्या रोल्ला भागात राहत होती आणि बिल्डिंगखालीच मुनीरचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. मुनीर इमानदार माणूस. कॅसेट देताना दर वेळी सांगायचा, “साब, कटिंग है इसमें.” त्या काळी अमिरातीत कॅसेटला सेन्सॉरची कात्री लागल्याशिवाय ती दुकानात यायचीच नाही. मुडदा माणसावर झेपावला रे झेपावला की चित्र टुणकन उडी मारायचं, आणि पुढच्या क्षणी तोच माणूस दंडाला फडकं बांधून होडीत बसलेला. मधे काय झालं ते ज्याने त्याने समजून घ्यायचं.

चारुदत्त समजून घ्यायचा. शुक्रवारी सुट्टी. सकाळी मोठी माणसं हॉलमध्ये चहा घेत मंडळाच्या राजकारणात रमली, की मुलं बेडरूममध्ये त्याच्याभोवती जमायची आणि तो सिनेमा सांगायला बसायचा. कात्री जिथे लागलेली असायची तिथेच नेमकी त्याची जीभ सुटायची. बाहेर ज्याला धड आभारप्रदर्शन जमलं नसतं, तो माणूस आत तासभर मुलांना जागचं हलू द्यायचा नाही. साधना कुरकुर करायची, रात्री पोरं दचकून उठतात म्हणायची. पण नवऱ्याला बोलताना बघून मनातून तिलाही बरं वाटत असणार.

सिनेमाचे दोन भाग निघाले होते, आणि दुसऱ्या भागात एक जागा होती. नेल नावाची लहान मुलगी मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अडकते. आत तिची आईच असते, पण मेलेली आणि उठलेली. आई एकेक पाऊल टाकत येते, मुलगी भिंतीला टेकते, आणि इथे कात्री. पुढच्या चित्रात नेल एकटीच जेट्टीवरून धावतेय. चारुदत्तची शुभ्रा तेव्हा त्या नेलएवढीच होती. तिने विचारलं, मग आईने काय केलं? सगळी मुलं त्याच्या तोंडाकडे बघत होती. ‘मला माहीत नाही’ एवढंच खरं उत्तर होतं. चारुदत्त क्षणभर थांबला, त्याने आवाज खाली आणला आणि सांगितलं, की आईने मुलीला ओळखलं. तिची बोटं सडलेली होती, कडीवरून निसटत होती, तरी तिने कडी काढली, मुलीला बाहेर ढकललं आणि आतून दार लावून घेतलं. शुभ्राच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेजारच्या सूर्यकांतचा तन्मय तेवढा चिकित्सक. त्याने विचारलं, अंकल, तुम्हाला कसं माहीत?

“पुण्यात माझ्या मित्राकडे न कापलेली कॅसेट आहे,” चारुदत्त म्हणाला. “मी पूर्ण पाहिलाय. शपथ.”

थाप मारणारा माणूस थापेवरच थांबला असता तर निभावलं असतं. गोष्ट आहे, मी रचली, असं हसून सांगितलं असतं तरी मुलांनी त्याला तितकंच डोक्यावर घेतलं असतं. पण हा शपथेवर गेला. असा कोणी मित्र नव्हता आणि अशी कॅसेटही नव्हती.

मग वर्षं गेली. दामले रोल्ला सोडून अल नहदाच्या टॉवरमध्ये राहायला आले, सूर्यकांतही वरच्या मजल्यावर आला. मुनीरच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकायला लागली. तिसरा भाग काही येईना. कधी बातमी यायची की निर्मात्याचं दिवाळं वाजलं, कधी यायची की दिग्दर्शक भांडून गेला. दर उन्हाळ्यात बाप-लेक आशा लावून बसायचे आणि दर उन्हाळ्यात तोंडघशी पडायचे. शुभ्रा मोठी झाली, इंग्रजीत बोलायला आणि इंग्रजीतच भांडायला लागली, बापाच्या बाकी सगळ्या आवडींना नाकं मुरडायला लागली. ‘ब्लॅक जेट्टी’ला मात्र नाही. शाळेत इतरांना मुडदे आवडायचे ते चावण्यासाठी. हिला आवडायचे ते त्या कडीसाठी. आई मेली तरी लेकीला ओळखते, हे तिने मनात कुठेतरी खोल ठेवून दिलं होतं.

घरात इंटरनेट आलं तसं तिला जगभरचे ‘ब्लॅक जेट्टी’वाले सापडले. कॅनडातले, इंग्लंडातले, कुठकुठले लोक एका साइटवर जमून वाद घालायचे. आणि तिथेच एक दिवस बातमी फुटली की तिसरा भाग खरोखर येतोय, नेल आता मोठी झालेली आहे आणि ती त्या बंदरावर परत जाते. त्या दिवशी अल नहदाच्या त्या फ्लॅटमध्ये जो कल्ला झाला तो चारुदत्तच्या प्रमोशनलासुद्धा झाला नव्हता. वर्तमानपत्रातली जाहिरात फ्रिजवर चिकटली. जुने भाग पाहायला माळ्यावरचा व्हीसीआर खाली आला. चारुदत्त ऑफिसातून फोन करून नवीन काही कळलं का म्हणून विचारायचा. साधना म्हणायची, लेकीच्या कॉलेजची चौकशी करायला यांना वेळ नाही, आणि मुडद्यांची चौकशी रोज चालू आहे.

त्या भरात शुभ्राने साइटवर आपली आवडती जागा लिहिली. कडी, निसटणारी बोटं, आतून लावलेलं दार, सगळं. दुसऱ्या दिवशी तिथे हसण्याचा पूर आला. लोकांनी लिहिलं की आईने कसलीही कडी काढलेली नाही. मुलीनेच बर्फ ओढायचा आकडा उचलून आईला मारलं. ही पोरगी खोटारडी आहे, हिने सिनेमा पाहिलेलाच नाही.

ती सरळ चारुदत्तकडे आली. “बाबा, दे आर कॉलिंग मी अ लायर. तुम्ही पूर्ण पाहिलाय ना?”

खोलीत दोघंच होती. साधना स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते ऐकून शुभ्रा फार तर दोन दिवस रुसली असती. तिच्या तोंडाकडे बघून चारुदत्तला वाटलं, हिच्या डोळ्यांत आपण एवढे मोठे आहोत ते फक्त त्या शुक्रवारांमुळे. तेवढंच आपल्याजवळ आहे.

“त्यांची प्रिंट वेगळी असेल,” तो म्हणाला. “तू सोडू नकोस.”

पहिलं वाक्य भ्याडपणाचं होतं, पण दुसऱ्याला काय म्हणावं? बापाचा शब्द घेऊन पोरगी लढायला गेली. कित्येक आठवडे ती त्या साइटवर एकटी सगळ्यांना उत्तरं देत होती. माझ्या बाबांनी पाहिलंय, माझे बाबा खोटं बोलत नाहीत, हे तिने इतक्या वेळा लिहिलं की शेवटी त्यांनी तिला तिथून काढूनच टाकलं. शाळेतही ते पोचलं. तन्मयने तिच्या तोंडावर काही म्हटलं नाही, पण वर्गात तिचं हसं झालं ते साधनाला कळलं आणि साधनाकडून चारुदत्तला. शुभ्रा कम्प्युटरसमोर बसली की तो बाल्कनीत जायचा आणि वाळलेले कपडे उगाच पुन्हा झटकत बसायचा. तिच्याशी बोलताना त्याची नजर तिच्या कपाळावर कुठेतरी असायची. आपली आपल्यालाच लाज वाटत होती, आणि तरी मनात एक आशा होती. तिसऱ्या भागात त्या जागेचा उल्लेखच आला नाही तर? तेवढं निभावलं तर पुन्हा जन्मात थाप मारणार नाही, असं त्याने देवालासुद्धा सांगितलं.

सिनेमा लागला त्या शुक्रवारी दुपारच्या शोला चारुदत्त शुभ्राला, तिची मैत्रीण वैभवी हिला आणि तन्मयला गाडीत घालून दुबईला गेला. मॉलमधलं थिएटर गच्च भरलं होतं. पडद्यावर धुकं, धुक्यात जेट्टी, आणि नाव उमटलं तसा सगळ्या पोरांनी आरडाओरडा केला. चारुदत्तनेही केला. शुभ्राने त्याचा दंड घट्ट धरला होता. तासभर त्याला खरोखरच सगळ्याचा विसर पडला होता, आणि कदाचित आयुष्यातला तो त्याचा सर्वांत आनंदाचा तास असेल.

मग मोठी झालेली नेल त्या जुन्या कोल्ड स्टोरेजच्या दारापाशी आली. इथेही कात्रीने चित्र कापलं होतं, पडद्यावर दोनदा हिसका बसला. पण बोलणं कापायचं राहून गेलं होतं. सोबतच्या माणसाला ती सांगत होती, की इथे मी माझ्या आईला मारलं. या हाताने आकडा घातला. ती मला खायला आली होती. लोक म्हणतात आईने ओळखलं असेल. नाही ओळखलं.

शुभ्राने मान वळवली नाही. त्याच्या दंडावरचा तिचा हात तिने झटकन काढला असता तर बरं वाटलं असतं. तो हात हळूच निघाला आणि तिच्या मांडीवर जाऊन पडला. पुढचा सिनेमा चारुदत्तने पाहिला नाही.

परतताना शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. मागच्या सीटवरून तन्मय म्हणाला, “सो शी किल्ड हर. अंकल, यू सेड यू सॉ इट.”

आवाजात उद्धटपणा नव्हता, पोरगा खरंच विचारत होता. चारुदत्तने गियर उगाच हलवला. इतक्यात शेजारून शुभ्रा बोलली. क्षणभर थांबून, आवाज खाली आणून.

“दोन व्हर्जन्स आहेत, तन्मय. पुण्यातली प्रिंट वेगळी आहे. लास्ट समरला मी पण पाहिली. आई कडी काढते, तिची बोटं निसटतात, मग ती आतून दार लावते. शपथ.”

मग तन्मय म्हणाला, “सॉरी, अंकल.”

“इट्स ओके, बेटा,” चारुदत्त म्हणाला.

तोंडातून ते निघालं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराने माफी मागितली आणि आपण ती घेतली. लेकीने आपल्यासाठी खोटं सांगितलं, तेही आपल्याच पद्धतीने, एकही शब्द न चुकता. गाडी थांबवून मागे वळून खरं सांगायला अजूनही वेळ होता. गाड्या तर थांबलेल्याच होत्या. तो सांगू शकला नाही.

टॉवरच्या पार्किंगमधून वैभवी आणि तन्मय वर गेले. शुभ्रा लिफ्टपाशी उभी राहिली, पण तिने बटण दाबलं नाही. ती रडली नव्हती, चिडलेलीही दिसत नव्हती. चारुदत्तने सुरुवात केली, “शुभ्रा, अगं, ते मी...”

“बाबा,” ती म्हणाली, “आजी गेली तेव्हा शेवटी तिने माझं नाव घेतलं, असं तुम्ही मला सांगितलं होतं. ते?”

आजी म्हणजे चारुदत्तची आई, गेल्या वर्षी मार्चमध्ये पुण्याला वारली. शुभ्राची दहावीची परीक्षा होती, म्हणून चारुदत्त एकटाच विमानाने गेला होता. बाकीची माणसं जेवायला बसली होती आणि तो आईचा हात हातात घेऊन तिच्या उशाशी होता. तिने डोळे उघडले, ‘शुभी’ म्हणाली आणि संपलं. दुसऱ्या कोणीही ते ऐकलं नव्हतं.

“घेतलं होतं,” चारुदत्त म्हणाला. “शुभी म्हणाली. मी तिथेच होतो गं.”

अक्षरन् अक्षर खरं होतं. पण ते खरं आहे असं लेकीला पटेल असा एकही शब्द त्याच्यापाशी उरला नव्हता. जे जे म्हणता आलं असतं ते सगळं त्याने कोल्ड स्टोरेजच्या दारापायी वापरून टाकलं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला. कितीतरी महिन्यांनी त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं होतं.

शुभ्राने मान हलवली. “ओके, बाबा,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली, आणि तिने लिफ्टचं बटण दाबलं.