ना मातीतलं, ना झाडावरचं

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहिलो. दगडमातीचं घर बसलं होतं. बैलं गेली, माणसं तेवढी वाचली. उन्हाळ्यात पत्रा तापायचा तेव्हा माय गोणपाट भिजवून वर टाकायची, आणि पावसात तर एकमेकांचं बोलणंही ऐकू यायचं नाही. पुढं पक्कं घर मिळालं, पण अण्णा कितीतरी दिवस आत झोपले नाहीत. बाहेरच बाज टाकायचे. त्या शेडात मी दहावीचा अभ्यास केला, मग नांदेडला मामाकडं राहून वनस्पतिशास्त्रात बीएस्सी झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते.

अण्णांना मात्र मी काय शिकले ते कितीतरी वर्षं उमगलं नव्हतं. डॉक्टर कळतो, मास्तर कळतो. वनस्पतिशास्त्र म्हणजे काय? भावकीतले एक काका पारावर बसून म्हणायचे, "पोरगी झाडाची डाक्टरीण झालीय म्हणं. मग आमच्या तुरीवरली अळी मार म्हणावं की!" सगळे हसायचे. अण्णा खाली बघत तंबाखू मळायचे. मला शिकवलं म्हणून त्यांनी हसं करून घेतलं होतं, आणि ते शिक्षण कशाचं होतं हे एकदा तरी त्यांना डोळ्यांनी दिसावं, एवढंच माझ्या मनात होतं.

तोवर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. मला एका क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवायला घेतलं. खोल्या भाड्यानं घेतल्या आणि माय-अण्णांना घेऊन आले. आमच्याकडं केमिस्ट्रीला केरळचे एक सर होते. त्यांना दुसऱ्या शहरातल्या क्लासनं उचललं, तसे ते घाईघाईत निघाले. जाताना माझ्या हातात एक कुंडी ठेवली. ठिपक्याठिपक्यांची पानं, पंख्यासारखी पसरलेली.

"टीचर, स्लिपर ऑर्किड. हायब्रिड. अभी तक फूल नहीं आया. कैसा आएगा, किसी को नहीं मालूम."

"पानी?"

"ज्यादा नहीं."

ज्यादा म्हणजे किती, हे विचारेपर्यंत रिक्षा गेली.

ऑर्किड तर मी दर वर्षी शिकवते. झाडावर वाढतं, मुळं हवेत लोंबतात, हवेतलं पाणी ओढतात. मुलांना तोंडपाठ. म्हणून मी ते कुंडीतून काढलं आणि परसातल्या लिंबाच्या खोडाला सुतळीनं बांधलं. उन्हाळा लागलेला. पानं लुळी पडली, सुरकुतली. पुस्तकाप्रमाणं सगळं केलं, मग चुकलं कुठं?

अण्णा रोज येऊन बघायचे. शेवटी म्हणाले, "आगं बाई, मुळ्या उघड्या टाकल्यास. आसं कंचं झाड जगतंय? माती दे त्याला."

एसटीनं गावाकडं गेले आणि खताच्या पोत्यात रानातली काळी माती घेऊन आले. "ह्या मातीत दगड पेरला तरी उगवतंय," म्हणाले. मी गोंधळलेली होते. पुस्तक खोटं ठरलं होतं, म्हटलं अण्णा तरी खरे ठरतील. लावलं.

काळी माती पाणी धरून बसते, आणि वाळली की भेगाळते. थोड्याच दिवसांत कुंडीला वास यायला लागला. पानांचा एक अख्खा पंखा बुडातून सुटून माझ्या हातात आला. अण्णा मातीचं ढेकूळ हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. "आपली माती कधी आशी वागली न्हाई," एवढंच बोलले.

मी सरांना फोन लावला. ते हसायलाच लागले. "टीचर, ये पेड़ पर नहीं. मिट्टी में भी नहीं. जंगल में नीचे, सड़े हुए पत्तों में."

आता लातुरात जंगल कुठून आणू? नारळाच्या शेंडीचे तुकडे केले, इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला, विटेचे बारीक खडे घातले. त्यात उरलेलं झाड बसवलं आणि खिडकीशी, उन्हाच्या आड ठेवलं. सडायचं थांबलं. पण पानांची टोकं करपायला लागली. बुरशीचं औषध मारलं, उपयोग नाही. खत कमी केलं, जास्त केलं. काहीच कळेना.

एकदा मोरीतल्या स्टीलच्या तांब्याकडं लक्ष गेलं. बोअरच्या पाण्यानं आतून पांढरा थर धरला होता. झाडालाही मी तेच घालत होते. क्लासच्या एसीचं बिनक्षाराचं पाणी जिन्याखाली बादलीत टपकायचं, ते बाटलीत भरून घरी न्यायला लागले. वॉचमन म्हणायचा, "म्याडम, पगार पुरंना का? आता पाणी बी क्लासचंच न्यायलाव!"

नवी पानं स्वच्छ निघाली. पण ती एसीच्या पाण्यानं निघाली असं तरी कसं म्हणू? त्याच सुमारास घरातला कूलर दुरुस्त झाला होता. मायनं मला न विचारता कुंडी माठाशेजारी सरकवली होती, ती म्हणायची, "माठाच्या गारव्यानं जगलं." आणि अण्णा हळूच म्हणाले, "मी चिमूटभर माती टाकली व्हती वरून. कुणाला बोललो न्हाई." डोक्याला हात लावला मी. कशानं जगलं, ते मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

मग एका हिवाळ्यात पानांच्या पंख्याच्या मधोमध लवदार दांडा दिसला. मला वाटलं नवं पान. अण्णांना वाटलं अळी; ते काढायलाच निघाले होते, मी ओरडले. दांडा वाढला, त्याच्या टोकाशी कळी धरली, आणि ती इतके दिवस मिटून राहिली की ही आता गळणार, असंच मी धरून चालले.

उमललं तेव्हा वरची पाकळी पांढरी, तिच्यावर जांभळ्या-हिरव्या रेघा, आणि खाली तांबूस, चकचकीत थैली. अण्णा वाकून बघत राहिले.

"ही तर वहाण हाय. पन एकाच पायाची. दुसरी कुठं हारवली?"

मी सांगितलं, की माशी या थैलीत पडते. बाजू गुळगुळीत, चढता येत नाही. मागच्या बारीक वाटेनंच निघावं लागतं, आणि निघताना पाठीला पराग चिकटतो.

"म्हंजे फशिवतंय माशीला?"

"हाव."

"आन हे समदं तू शिकलीस?"

"हाव, अण्णा."

त्यांनी पुन्हा एकदा थैलीत डोकावलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते गावाकडून पारावरच्या काकांनाच घेऊन आले. काकांनी बोट पुढं केलं तसे अण्णा कडाडले, "हात लावू नगं! माशी कशी अडकती, ते आधी माझ्या लेकीकडून समजून घे."

काका बसले. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि अण्णा मध्ये-मध्ये "बघ" म्हणत राहिले.

ते फूल दोन महिने टिकलं. नंतर त्या झाडाचे भाग करून मी कुंड्या वाढवल्या, आणि त्या दर हिवाळ्यात फुलतात. लातुरात, भाड्याच्या खोलीत, मी संकरित स्लिपर ऑर्किड फुलवलं.