गाडीच्या दारावरचा हात

मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आई म्हणायची, "ह्याच्या पायाला भिंगरी बांधूनच पाठवलाय देवानं." मुंबईत होतो तोवर ते खपून गेलं. पण इस्राएलातल्या डिमोनात? डिमोनात संध्याकाळी घराबाहेर पडलं की सरकारी बिल्डिंगींची एक रांग, मग पाण्याची टाकी, आणि टाकीच्या पुढे जायचं तर उंट तरी व्हायला हवं. सकाळी कारखान्याची बस आम्हाला खाली मृत समुद्राकाठी सदोमला न्यायची, संध्याकाळी वर आणून टाकायची. खाली मीठ आणि वर धूळ. मी तिथल्या वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्त करायचो आणि दिवसभर मनातल्या मनात चडफडायचो.

बासष्टच्या हिवाळ्यात बेरशेबाचा एक दातांचा डॉक्टर अमेरिकेला निघाला आणि त्याची गाडी मी घेतली. कशी घेतली ते विचारू नका. साईच्या रंगाची, दोन दारांची, बुटकी, मागे उतरत गेलेली. रस्त्यावर उभी असली तरी आता निघेल असं वाटायचं, म्हणून तर मला ती आवडली. आईनं पहिल्याच दिवशी पुढचं झाकण उचलून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, ह्यात इंजिनच नाही! फसवलं रे तुला!" इंजिन मागे असतं, त्याला पाणीही लागत नाही, वाऱ्यानंच थंड होतं, हे तिला समजावताना माझ्या नाकी नऊ आले. "इंजिन मागं आणि सामान पुढं," ती म्हणाली, "उलट्या डोक्याच्या माणसानं केलंय."

पण खरी भानगड इंजिनाची नव्हती. गाडी जर्मन होती.

आम्ही कोकणातून मुंबईमार्गे आलेले. आम्हाला आमच्या गावात यहुदी म्हणून कधी कुणी बोट लावलं नव्हतं. युरोपात जर्मनांनी यहुद्यांचं काय केलं ते आम्ही पेपरात वाचलं होतं, हळहळलो होतो. पण इथं ते सोसलेली माणसं समोरच्या दारात राहत होती. रस्त्यापलीकडे, आमच्या समोर पोलंडची एक बाई राहायची, आईच्याच वयाची, एकटी. नेगेवच्या वाळवंटातल्या उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांचा झगा. मी तिला मावशी म्हणायचो. अर्थ तिला ठाऊक नव्हता, पण हाक मारली की वळायची. आई आणि ती रोज दुपारी आमच्या गॅलरीत बसून भाजी निवडायच्या. आई मराठीत बोलायची, मावशी यिद्दिशमध्ये, आणि दोघींचं अगदी व्यवस्थित चालायचं. ह्या देशात आईला एवढी एकच मैत्रीण होती.

गाडी आली त्या दिवसापासून मावशी यायची बंद झाली. भांडली नाही, बोलली नाही. खिडकीचा पडदा ओढला आणि संपलं. दुकानात जातानाही गाडी उभी असलेली आमची बाजू टाळून जायची.

"ती येत नाही रे आता," आई म्हणायची.

"मग मी काय करू? गाडी मी बनवली का?"

"तू कशाला बनवशील. मी फक्त सांगितलं."

फक्त सांगितलं! रोज सांगायची. मग एकटीच भाजी निवडत बसायची, आणि मी रागारागानं खाली जाऊन गाडीचं झाकण उघडायचो.

त्या गाडीपायी मला माणसं मिळाली, हेही खरं. आम्ही पाच-सहा गाडीवेडे होतो. त्यातला म्होरक्या बेरशेबाचा घड्याळजी, जन्मानं जर्मन यहुदी, पोरगेला असताना इकडे पळून आलेला. त्याच्याकडेही एक जुनी जर्मन गाडी होती आणि तिच्या काचेवर कुणीतरी दोनदा काळा रंग फासला होता. त्यानं तो दोनदा घासून काढला आणि गाडी चालवत राहिला. दुसरा माझ्या कारखान्यातला रुमानियन फोरमन. ह्याच्या इटालियन गाडीला कंपनीनं जेवढं बळ दिलं नव्हतं तेवढं ह्याच्या जिभेला होतं. मला सगळे 'होदी' म्हणायचे, म्हणजे हिंदुस्थानी. प्रेमानं म्हणायचे, पण म्हणायचे.

वाळवंटात असली गाडी पाळणं म्हणजे तान्हं पोर पाळणं. वारा सुटला की धूळ थेट कार्बोरेटरमध्ये. हवेच्या गाळणीतलं तेल आज बदललं तर उद्या त्याचा चिखल. इंजिन पूर्ण गार असताना, पहाटे, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटची फट बसवायची, कारण ऊन चढलं की लोखंड फुगतं आणि माप खोटं पडतं. पंख्याचा पट्टा तुटला तर तिथंच थांबायचं, कारण पंखा नाही तर वारा नाही, आणि वारा नाही तर इंजिन भाजून निघतं. हे सगळं मला जमायचं. इतरांच्या गाड्याही मीच सुरात आणून द्यायचो. आणि मग ते शर्यतीला जायचे आणि मी घरी बसायचो.

कारण शर्यत शनिवारी. आठवड्याची सुट्टी तेवढीच. आणि आम्ही कोण? शनिवार तेली! कोकणात पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल काढलं, पण शब्बाथला घाणा फिरला नाही, म्हणून गावानं आम्हाला तेच नाव दिलं. धर्मातलं बाकीचं सगळं विसरलो होतो तेव्हाही एवढं आम्ही विसरलो नव्हतो. आता मी त्या सगळ्यांच्या नातवंडानं शनिवारी किल्ली फिरवायची? आईनं तोंडातून शब्द काढला नसता, पण मला जेवायलाही वाढलं नसतं. तेव्हा शनिवारी मी गॅलरीत येरझारा घालायचो. लांबवर सदोमच्या चढाकडे गाड्या निघाल्याचा आवाज यायचा, त्यातली कुठली कुणाची हे मला ओळखू यायचं, आणि तळपायाची आग मस्तकाला जायची.

त्रेसष्टच्या वसंतात घड्याळजी म्हणाला, "होदी, तुझ्यासाठी शर्यत वल्हांडण सणाच्या मधल्या दिवसांत ठेवू. कारखाना बंद, ट्रक नाहीत, शब्बाथ नाही. आता काय सबब सांगशील?" सदोमपासून वरच्या माथ्यापर्यंत, एकेक गाडी सोडायची, खाली एक घड्याळ आणि वर एक, दोन्ही त्यानंच जुळवलेली. मला आनंदानं जेवण जाईना.

आईला सांगितलं. ती पोळपाट पुसत होती, पुसतच राहिली. "त्या घाटात?" म्हणाली. "सणात?" मी म्हटलं, सणाचा पहिला आणि शेवटचा दिवस सोडला तर मधल्या दिवसांत चालतं, धर्मगुरूंना विचार. "चालतं ते मला कळतं," ती म्हणाली. "मी चालण्याबद्दल विचारलं का?" बाबा मुंबईतच वारले होते. मी तिचा थोरला आणि एकुलता.

आता आमच्यातली एक जुनी रीत सांगायला हवी. वल्हांडणाच्या आदल्या दिवशी बोकड कापला की घरची बाई त्याच्या रक्तात हात बुडवून कोऱ्या कागदावर पंजा उठवते आणि तो कागद दाराच्या चौकटीवर लावते. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मरणाचा दूत थोरल्या मुलांना न्यायला आला, तेव्हा चौकटीला रक्त पाहून तो आपल्या घरांवरून पुढे गेला, त्याची ही आठवण. इथल्या बाकीच्या यहुद्यांत असं कुणी करत नाही. आई मात्र दरवर्षी करायची. त्या वर्षीही केलं, आणि मी गाडीवर ताडपत्री टाकून सणाचा दिवस कसाबसा काढला.

शर्यतीच्या सकाळी ताडपत्री ओढली आणि पाहतो तर काय! माझ्या बाजूच्या दारावर, साईच्या रंगावर, पाच बोटांचा सुकलेला रक्ताचा पंजा.

काय झालं ते माझ्या लगेच ध्यानात आलं. डोकं सणकलं. चारचौघांत, त्या फोरमनपुढे, मी हे घेऊन जाऊ? तणतणत वर गेलो. "आई! गाडी म्हणजे काय घर आहे?"

"तू घरात असतोस कधी?" आई शांतपणे म्हणाली. "तू जिथं असतोस तिथं लावलं."

मी फडकं शोधायला लागलो, तेवढ्यात खालून घासल्याचा आवाज आला. गॅलरीतून पाहतो तर मावशी! कित्येक महिन्यांनी रस्ता ओलांडून आली होती. बादली शेजारी, हातात ओलं फडकं, आणि गुडघ्यांवर बसून दार घासत होती, जीव खाऊन.

आई माझ्याआधी जिना उतरली. "अगं बाई, काय करतेस! सोड, सोड ते!" मावशीनं वळून पाहिलं. चेहरा पांढराफटक. ती माझ्याकडे बघून हिब्रूत बोलायला लागली, "मी नाही केलं. ऐकतोस? ही गाडी मला नको आहे. डोळ्यांसमोर नको आहे. पण हे मी नाही केलं. तुझ्या आईच्या दारात रक्त मी नाही टाकणार."

मी आईला मराठीत सांगितलं. आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं मावशीच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि आपला पंजा दारावरच्या पंज्यावर ठेवला. दोन बोटं पुसली गेली होती, उरलेली तीन बरोबर जुळली. मग तिनं वर बोट करून आमची चौकट दाखवली, तिथला कागद दाखवला. आणि शेवटी माझ्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "बखोर." म्हणजे थोरला. हिब्रू प्रार्थनेतला शब्द, तो सगळ्या यहुद्यांत एकच.

मावशी कागदाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझाही एक होता. आमच्या दारावर हात लावायचं मला सुचलं नाही."

हे मी आईला मराठीत सांगितलं नाही. सांगवेना. पण तिला कळलं. ती मावशीला दंडाला धरून वर घेऊन गेली, आणि मला म्हणाली, "जा आता. उशीर करू नकोस."

सदोमला पोचलो तर सगळे जमलेले. घड्याळजीनं दार पाहिलं आणि त्याचे ओठ घट्ट मिटले. "तुझ्याही गाडीवर?" म्हणाला, आणि पेट्रोलचं फडकं घेऊन आला. मी म्हटलं, राहू दे, आईचा हात आहे. रीत समजावली. त्यानं फडकं खिशात कोंबलं आणि घड्याळाला किल्ली देत उभा राहिला. फोरमनसुद्धा गप्प होता, म्हणजे बघा.

माझी पाळी आली. निशाण पडलं आणि मी सुटलो! काय सांगू तुम्हाला, वर्षभर जे गॅलरीत येरझारा घालत होतं ते सगळं उजव्या पायात उतरलं. गाडी तक्रार न करता चढत होती, टॅपेटचा आवाज सुरेख, एकेका वळणाला मागचा भाग किंचित सरकायचा आणि मी त्याला परत आणायचो. फोरमनची वेळ मला माहीत होती. आपण त्याच्या पुढे आहोत हे अंगाला कळत होतं. जन्मात पहिल्यांदा मला कुठंही दुसरीकडे जायचं नव्हतं.

माथ्याच्या अलीकडे शेवटचं वळण, डाव्या हाताला सरळ खोल दरी. ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता घेतलं तर जिंकलो. येताना ठरवलं होतं, उचलायचा नाही. आणि खिडकीबाहेर टेकवलेल्या माझ्या कोपराखाली ती तीन बोटं आहेत, एवढं आठवलं. पाय उचलला गेला. मी उचलला नाही, गेला.

तिसरा आलो. फोरमनला वाचा फुटली, "होदी, शेवटच्या वळणाला डुलकी लागली काय?" मला संताप आला. त्याचा, आईचा, मावशीचा, त्या वळणाचा. आजही ते वळण आठवलं की माझा पाय जमिनीवर दाबला जातो.

घरी आलो तर गॅलरीत दोघी रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या. आईसमोर भाताचं ताट, मावशीसमोर उकडलेले बटाटे, कारण त्यांच्यात ह्या सणाला भात चालत नाही. दोन्ही ताटं तशीच होती. कितवा आलास, हे कुणी विचारलं नाही. मावशी खाली आली, गाडीपासून हातभर लांब थांबली आणि अर्ध्या पुसलेल्या पंज्याकडे बघत मला म्हणाली, "तिला विचार, पुढच्या वर्षी मला लावू देईल का?"

मी विचारलं. आई वरूनच ओरडली, "देईल का काय? दोन बोटं पुसलीन माझी! ती भरून कोण देणार, तिचा काका?"

चौसष्टच्या वल्हांडणाला बोकड कापला, तेव्हा मावशी आमच्या मोरीत उभी राहिली आणि तिनं बाही कोपरापर्यंत वर सारली. जर्मनांच्या छावणीत तिच्या हातावर गोंदलेला आकडा मी पहिल्यांदाच सबंध पाहिला. मग तिनं हात बुडवला, खाली आली आणि गाडीच्या दारावर आईच्या पंज्याशेजारी आपला उठवला. त्या वर्षीही मी जिंकलो नाही.