घरघर

काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत संगणकाला साउंड कार्ड बसवून देणारे एक मराठी गृहस्थ होते. सगळे त्यांना मिस्त्रीजी म्हणत, त्यामुळे नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं.

बाबांच्या मागे त्यांच्या वेदपठणाची एकच कॅसेट उरली होती. पाठशाळेला द्यायची म्हणून ती मला संगणकात उतरवायची होती. मिस्त्रीजींनी कार्डावरच्या काळ्या चिपवर बोट ठेवलं. “हिला तीन कान आहेत, मास्तर. माइकचा, टेपचा आणि सीडीचा. आपल्याला फक्त टेपचा हवा. बाकीचे उघडे ठेवले तर जनमभर घरघर सुनते रहिए!”

आधी त्यांनी चिपला वीज नीट पोचते का ते पाहिलं, मग नको ते दोन्ही कान बंद केले. हेडफोन लावून, डोळे मिटून ते ऐकत राहिले. तोंडातलं पान चघळणंसुद्धा थांबलं होतं. घरघर पार गेली तेव्हाच ते पुन्हा सुरू झालं.

मग कॅसेट लावली. बाबांची ऋचा रंगात आली आणि मागून आईचा आवाज आला, “अहो, दूध उतू जातंय!”

मी ओशाळलो. “मिस्त्रीजी, एवढं पुसता येईल ना?”

आई बाबांच्याही आधी गेली, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी टेप मागे घेतली, तेवढंच वाक्य पुन्हा लावलं आणि आवाज जरा वाढवला.

“घरघर काढणं माझं काम,” ते म्हणाले. “घर हम नहीं निकालते.”