ताजुद्दीनच्या टेम्पोतला कॅमेरा

पेणच्या कारखान्यातून रोह्याच्या माझ्या दुकानात गणपतीच्या मूर्ती ताजुद्दीनच आणतो. यंदा दोन खेपांत मूर्तींचे हात तुटले. म्हणून तिसऱ्या खेपेला कारखान्याच्या मालकीण हौसाबाईंनी आपली भाची अपेक्षा हिला कॅमेरा घेऊन त्याच्याशेजारी बसवलं.

"जाहिरातीसाठी शूटिंग हाय," ती म्हणाली. ताजुद्दीनला ते पटलं नाही. आपल्याला काढून टाकायला पुरावा जमवतायत, असं त्याला वाटलं.

तिने कॅमेरा डॅशबोर्डवर घट्ट बसवला होता. वाटेत कासूला चहासाठी थांबल्यावर त्याने शूटिंग दाखवायला सांगितलं. सगळा रस्ता थरथरत होता.

"ही इंजिनाची थरथर हाय गो. तुझी मावशी म्हणेल, मी गाडी उडवतो. त्यापेक्षा कॅमेरा मागं मूर्तींजवळच्या पेंढ्यात ठेव. मूर्तीला बसतात तेवढेच धक्के त्याला बसतील."

"म्हणजे तुमचं चालवणं लपेल."

"बघ तरी."

तिने नाखुशीनेच ठेवला.

दुकानात आम्ही तिघांनी ते पाहिलं. चित्र बरंच स्थिर होतं. पण साध्या वळणावरही दोन मूर्ती कलून त्यांचे हात एकमेकांवर आपटत होते. त्या दोघींच्या मध्ये पेंढाच नव्हता. टेम्पोत मूर्ती भरताना हौसाबाई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

अपेक्षाने फोन स्पीकरवर ठेवून मावशीला तसं सांगितलं. हौसाबाई म्हणाल्या, "ताजुद्दीनला सांग, उद्या लवकर ये. भरताना समोर उभा राहा."

"म्हणजे मला ठेवलं ना?" त्याने मला हळूच विचारलं.

ठेवलं असावं. पण हौसाबाईंना विचारायला तोही तयार नव्हता आणि मीही.